कामाचे स्वरूप

वहीत पाच रकाने आहेत:
तारीख, नाव, वेळ, कामाचे स्वरूप, सही.
वर्षाचे एकशे वीस तास भरले की प्रमाणपत्र,
आणि ते कुठंतरी कामाला येतं, असं गणाचार्य सर म्हणतात.

माझ्या वाट्याला आले
उदगीरच्या मोंढ्यामागचे मन्मथअप्पा.
नव्वदीला दोन कमी.
पोरगा वाघोलीला, पोरगी बिदरला,
खुंटीवर एक पिशवी,
जी मी कधी खाली उतरलेली पाहिली नाही.

सरांनी प्रश्न छापून दिलेले.
झोप लागते का? दिवसात कुणाशी बोलता?
एकटेपणा वाटतो का – नेहमी, कधीकधी, कधीच नाही.
अप्पांनी कागद उलटा केला,
मागची कोरी बाजू नीट पाहिली,
"किती येळ बसणार हायस?"
"एक तास."
"एक म्हणू नै. लाभ म्हणावं."

चाळीस वर्षं मापाडी होते अप्पा.
ज्वारी, तूर, करडई. लोकांची.
पहिलं माप लाभ, मग दोन, मग तीन,
आवाज असा की अडत्यालाही ऐकू जावा,
आणि गाडीखाली सावलीत बसलेल्या कुणब्यालाही.
मध्येच कुणी हाक मारली
तर आकडा तोंडात धरून ठेवायचा,
चूळ धरावी तसा.

मी साडेपाचला वही काढली की म्हणायचे,
"काय लिव्हलालीस? हे तर सपाट माप झालं.
सपाट परक्याला. पाव्हण्याला शीग."
मग शिगेवरचं बोलणं निघायचं,
खरं ते तिथंच असायचं:
नीलावतीबाईंनी शेवटच्या दुखण्यात मागितलेली
आणि वेळेवर न मिळालेली सीताफळं.
किंवा तो एकमेव दिवस, त्रेसष्टाव्या मापाला
कुणीतरी पळत येऊन सांगितलं, मुलगी झाली,
आणि आकडा सांडला.
"मग?"
"मग काय. सगळी रास परत. लाभपासून.
अडत्या शिव्या देतोय, मी हसतोय."

सही ते उर्दूत करतात, उजवीकडून.
निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत तेवढंच शिकवलेलं.
सर म्हणाले, हे कुणाला वाचता येणार? अंगठा घे.
मी घेतला नाही.

सगळ्यांचं असं जुळलं नाही.
सगुणाबाईंनी दारच उघडलं नाही.
खिडकीतून म्हणाल्या,
"मी एकटी हाव म्हून कुणी सांगितलं तुमाला?"
आफताबनं वहीत लिहिलं, भेट झाली नाही,
आणि पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या.
पुढच्या गुरुवारीही. त्याच्या पुढच्याही.
एवढंच झालं की आतून कुणीतरी
टीव्हीचा आवाज जरा कमी केला.
त्याचे तास सरांनी धरले नाहीत.

चौथ्या रकान्यात मी आधी लिहायचे, विचारपूस.
मग गप्पा. सरांनी खोडून
ज्येष्ठ नागरिक समुपदेशन केलं.
एकदा लिहिलं, चष्मा शोधला (कपाळावर होता).
एकदा काहीच सुचलं नाही,
त्या दिवशी आम्ही दोघं नुसते
समोरच्या तारेवरचे पारवे मोजत होतो
आणि ते सारखे उडत होते.

मार्चात तास भरले.
फोटो झाला, प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं.
मग परीक्षा, मग मामाकडचं लग्न,
मग नुसताच कंटाळा, खोटं कशाला बोलू.
पाच गुरुवार गेले.

सहाव्याला गेले, वहीशिवाय.
रिकामे हात कुठं ठेवावेत कळेना.
अप्पा ताटात तूर निवडत बसलेले.
कुठं होतीस, विचारलं नाही.
मी कारण जुळवून नेलेलं, ते तसंच राहिलं.
त्यांनी ताट अर्धं माझ्याकडं सरकवलं,
वर न बघता, मोंढ्यातल्या आवाजात,
पार रस्त्यापर्यंत जाईल असं म्हणाले,

"लाभ."

मी खडे वेचायला लागले.